पदराचे दोन जोड

सासऱ्याचा मान राखायचा आणि कॉम्प्युटरला शिव्या द्यायच्या, ही दोन्ही कामं एकाच तोंडानं करायची म्हणजे कसरतच. वडगावच्या सुवर्णाला ती रोज करावी लागे, कारण सासरे कल्लाप्पा स्टूल ओढून तिच्या शेजारीच बसत.

कॉम्प्युटर कुठल्याशा बंद पडलेल्या ऑफिसातून आणलेला. त्यातला साडीच्या नक्षीचा प्रोग्राम त्याहून जुना. स्क्रीन एवढीशी, आणि प्रोग्रामची तऱ्हा अशी की काठ उघडला की त्याची एक विंडो, अंगावरची बुट्टी उघडली की तिची दुसरी, पदराची तिसरी, आणि सगळ्या त्याच एका मोठ्या विंडोच्या पोटात. एक पुढं आणावी तर दुसरी मागं दडायची. लहान करावी तर तळाशी जाऊन पट्टी होऊन बसायची आणि तिच्यावर तिसरी पसरायची. मिटायच्या फुल्याही दोन, एक आतल्या विंडोची आणि एक अख्ख्या प्रोग्रामची, अगदी खालीवर. बुट्टी मिटायला जाऊन सुवर्णानं कितीदा तरी सगळं दुकानच मिटलं होतं.

"काठ कुठं गेला गं?" कल्लाप्पांनी विचारलं.

"हाय आप्पा. पदराच्या खाली हाय."

"पदराच्या खाली? काठ बाजूला असतोय की."

"साडीत असतोय. हितं न्हाय."

कल्लाप्पांनी मान हलवली. असल्या यंत्राकडून साडी काय होणार, असा तो मान हलवण्याचा अर्थ. सुवर्णानं दात आवळून पदर बाजूला ओढला, तर खालून बुट्टी निघाली. काठ तिच्याही खाली होता.

एरवी एवढी चिडचिड कुणी सोसली नसती. पण सुवर्णाचा नवरा रविराज मागाची शेड रिकामी करायला टपला होता. तो उद्यमबागेत फौंड्रीत कामाला. माग काढावेत आणि शेड गोडाऊनला भाड्यानं द्यावी, असं त्यानं ठरवून टाकलं होतं. भंगारवाला येऊन लोखंड ठोकून बघूनही गेला. सुवर्णा आडवी आली म्हणून एक संधी मिळाली: शहापूरचे व्यापारी नागेंद्रशेठ यांना नव्या पदराचा नमुना विणून दाखवायचा. त्यांनी साड्या घ्यायचं कबूल केलं तर माग राहणार, नाहीतर भंगारात जाणार. भांडताना सुवर्णा दर वेळी एकच सांगायची, "आप्पांचा जीव हाय मागात. माग गेला तर माणूस बसल्या जागी संपंल." यावर रविराजचं तोंड बंद व्हायचं.

पदर मात्र झकास झाला होता. पावसाळाभर दोघं या कॉम्प्युटरपुढं बसली होती. आप्पा डोळे मिटायचे, मग सांगायचे आणि ती एकेक ठिपका भरायची. चुकलं की पुसायचं, पुन्हा भरायचं. कागदावर काही काढलंच नव्हतं. मोरांची रांग उभी राहिली तेव्हा सुवर्णानं शेजारणीलाही बोलावून दाखवली.

आणि आता, आजच पुठ्ठे पाडणाऱ्याकडे नक्षी द्यायची तर, नागेंद्रशेठनी फोनवर फोटो बघून खोडा घातला. "मोर लई दाटल्यात. मधी वेल घालून बघा की." व्यापाऱ्याला एक तरी खोट काढल्याशिवाय चैन पडत नाही. पण तो बोलला म्हणजे करून बघणं आलं.

"मूळ पदराला हात लावू नगंस," कल्लाप्पा म्हणाले. "दुसरा जोड काढ आणि त्यात मोड."

हे विणकराचं बोलणं. मागाच्या माथ्यावरच्या जेकार्ड यंत्राला नक्षीची भोकं पाडलेले पुठ्ठे लावायचे, त्याचे कायम दोन जोड पाडत. एक मागावर चाले, दुसरा खुंटीला टांगलेला असे. चालता जोड उंदरानं कुरतडला, ओलीनं फुगला, तर खुंटीवरचा उतरवायचा. एका जोडावर माग चालवणाऱ्याला गल्लीत कुणी विणकर म्हणत नसे.

सुवर्णानं मेनू धुंडाळला. 'न्यू विंडो' असं एक नाव दिसलं, ते दाबलं. पदराची दुसरी विंडो उघडली, हुबेहूब तीच. एकीच्या माथ्यावर पदर एक, दुसरीच्या माथ्यावर पदर दोन.

कल्लाप्पांनी मांडीवर थाप मारली. "झाला का न्हाय जोड? उगंच शिव्या घालतीस त्याला."

सुवर्णालाही पटलं. कॉलेजात शिकलेल्या एखाद्या पोरीला कदाचित शंका आली असती. पण सुवर्णा शहापूरच्या विणकराची लेक. दोन सारखे पदर दिसले म्हणजे एक मागावरचा आणि एक खुंटीवरचा, हे तिच्या रक्तातच होतं. तिनं दुसरा पदर स्क्रीनभर मोठा केला. पहिला त्याच्यामागं गेला, आणि तो तिथं सुखरूप आहे या भरवशावर तिनं एक सोडून एक मोर पुसले.

मग वेल. पान जाड झालं म्हणून बारीक केलं, बारीक झालं म्हणून वाकवलं. वडगावात करंट कधी जाईल नेम नाही, म्हणून अधूनमधून सेव्ह दाबायची सवय तिच्या बोटांना होतीच. दुपार झाली. वेल काही वेलीसारखी दिसेना, पडवळासारखी दिसायला लागली.

"राहू दे," कल्लाप्पा वैतागून म्हणाले. "मोरच बरं हुतं. पायजे तर घे म्हणावं नागेंद्रला. ह्यो मिट आणि पहिला काढ."

तिनं दुसरा पदर मिटला. मागून पहिला पुढं आला, आणि त्यातही पडवळच लोंबत होतं.

चुकीची विंडो मिटली असं तिला वाटलं. फाइल बंद करून पुन्हा उघडली. पडवळ. मागे जायचं बटण दाबत राहिली तर ते काही केल्या चालेना, फाइल मिटली तशी त्याची सगळी आठवणही पुसली होती. जुनी प्रत असेल म्हणून पेन ड्राइव्ह लावला, त्यावर नुसता काठ. नागेंद्रशेठना धाडलेल्या फोटोत मोर होते, पण ठिपके मोजता येत नव्हते. तिनं माउस टेबलावर आपटला.

"मागं दडला आसंल," कल्लाप्पा म्हणाले. "मगाशी काठ न्हवता का दडलेला? नीट बघ की."

तिनं एकेक विंडो उचलून बाजूला केली, एकेक मिटली. खाली नुसता राखाडी पडदा उरला. शेवटी तिला एक संशय आला. तिनं पदर उघडला, त्याची पुन्हा दुसरी विंडो काढली आणि दोन्ही शेजारी शेजारी लावल्या. डावीकडं कोपऱ्यात एक ठिपका भरला. उजवीकडं त्याच कोपऱ्यात ठिपका उमटला. डावीकडचा पुसला, उजवीकडचा गेला.

"परत कर," कल्लाप्पा म्हणाले.

तिनं परत केलं.

"म्हंजे जोड न्हवताच."

"एकच हुता आप्पा. एका खोलीला दोन दारं, तसं."

तिला रडू येत होतं, पण रडायला वेळ नव्हता. "परत बसू," ती म्हणाली. "आत्ताच. मोराची मान कुठनं धरलती आपण? तुम्ही सांगा, मी भरते."

कल्लाप्पांनी चष्मा काढला. ते कोसळतील असं वाटून ती त्यांच्याकडं सरकली, तर डोक्यावरचा भारा उतरल्यासारखा त्यांचा चेहरा सैल झालेला.

"राहू दे गं आता. सांग रविराजला, बोलव म्हणावं भंगारवाल्याला."

"आप्पा, तुमचा माग हाय त्यो."

"माझं कान गेलं त्या मागापायी. गुडघं गेलं. रविराजनं इचारलं तवाच मी व्हय म्हणणार हुतो. तू मधी पडलीस. लेकीवाणी सून माझ्यासाठी नवऱ्याशी भांडालीय, तिला कोण न्हाय म्हणंल? तुझ्यासाठी बसत हुतो मी रोज हितं."

सुवर्णाला संताप आला. यंत्राचा आला, या म्हाताऱ्याच्या भिडस्तपणाचा आला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा. स्टुलावर बसून डोळे मिटणारा माणूस नक्षी आठवत असेल असं ती पावसाळाभर समजत होती. तो पेंगत होता.

तेवढ्यात रविराज आला. अंगावर फौंड्रीची काळी धूळ. "झाली का नक्षी?" त्यानं दारातूनच विचारलं.

"पुसली," कल्लाप्पा म्हणाले. "ये म्हणावं भंगारवाल्याला उद्या."

रविराजनं बायकोकडं बघितलं. ती आता आप्पांच्या जिवाचं नेहमीचं वाक्य काढणार, याची तो वाट बघत होता. वाक्य तिच्या जिभेपर्यंत आलंही. पण आप्पा समोर बसले होते, चष्मा हातात धरून. ते वाक्य आता मेलं होतं, आणि दुसरं तिच्यापाशी नव्हतं.

"माग जायाचा न्हाय," ती म्हणाली.

"आप्पा सवता म्हणाल्यात की."

"आप्पांना नगं आसंल. मला पायजे."

"तुला?" रविराज म्हणाला. त्यात खोच नव्हती. त्याला खरंच कधी सुचलं नव्हतं. "तुला कशाला?"

तिनं कारण शोधलं. या घरात बाईनं काही मागायचं तर ते सासऱ्यासाठी, पोरांसाठी, सणासाठी. कारण सापडल्याशिवाय मागायचं नाही, हे तिला लग्नापासून पाठ होतं. कारण सापडलं नाही.

"मला पायजे," ती पुन्हा म्हणाली.

रविराज फोन हातात घेऊन उभा राहिला. भंगारवाल्याला काय सांगायचं, असं त्यानं विचारलं. सुवर्णानं या खेपेला आप्पांकडं बघितलं नाही.

"मी न्हाय म्हटलंय म्हणून सांगा," ती म्हणाली.