पडवळ

तिकीट पुन्हा अडकलं.

रूपालीने ते अलगद मागे ओढलं, बोटाने सपाट केलं आणि परत नळीखाली सरकवलं. एअर रायफल टेबलावरच्या जुन्या चादरीवर उताणी पडली होती. तिच्या पोलादी नळीभोवती ॲल्युमिनियमचं नवंकोरं, लांबट छेदांचं, डोळ्यांत भरेल इतकं पोपटी हँडगार्ड बसवलेलं होतं. त्याने फक्त मागच्या टोकाला रायफलीला धरायचं आणि पुढे नळीला कुठेही, अगदी कुठेही शिवायचं नाही, एवढंच त्याचं काम. मधल्या फटीतून बोरगाव-निपाणी बसचं तिकीट टोकापासून बुडापर्यंत सरकलं, की जिंकलं. तिकीट शून्य रुपयांचं होतं. कर्नाटकच्या बसमध्ये मुलींना प्रवास फुकट, दुसरं तिकीट मिळतच नाही. रूपालीच्या दप्तरात अशी शून्यं ढिगाने होती आणि गणिताच्या पेपरातली वेगळी.

"अडकलं?" शेजारच्या टेबलावरून मैत्रीने विचारलं. मैत्री तिची जिवलग मैत्रीण होती आणि नेमबाजीत पक्की वैरीण.

"न्हाय. विसावा घेतंय."

"पडवळाला कीड लागली वाटतं तुझ्या."

"तू तुझ्या वांग्याकडं बघ," रूपाली म्हणाली. मैत्रीच्या रायफलीचा दस्ता जांभळा होता.

निपाणीतलं हे तंबाखूचं जुनं गोडाऊन उपासना मॅडमनी भाड्याने घेतलं होतं. मॅडम बँकेत अधिकारी. सकाळी मुलींना नेमबाजी शिकवायच्या आणि मग तिथूनच कामावर जायच्या. तंबाखू जाऊन वर्षं झाली होती, पण भिंतींनी वास काही सोडला नव्हता. नवीन मुलगी आली की पहिला आठवडा नेम कमी आणि शिंका जास्त. नेम धरलेला असताना शिंक आली आणि छर्रा भलतीकडे गेला, तर सगळ्या एका सुरात "तंबाखूचा!" असं ओरडत. तंबाखूचा शॉट धरायचा नाही, परत मारायचा, हा गोडाऊनचा कायदा होता. जगात इतर कुठे तो चालत नाही, हे मॅडम प्रत्येकीला पहिल्याच दिवशी बजावून ठेवत.

रूपालीची रायफल क्लबची, जुनी. पावसाळ्यात तिच्या पुढच्या भागाचं लाकूड फुगून नळीला टेकायचं. डाव्या हाताचा भार लाकडावर, लाकडाचा नळीवर, आणि छर्रा कधी कागदाच्या या कोपऱ्यात, कधी त्या.

"तू लिहीत असताना कुणी तुझं कोपर धरून बसलं तर अक्षर कसं येईल?" मॅडमनी विचारलं होतं. "नळीचं तसंच असतंय. मागं घट्ट धर, पुढं मोकळी सोड. हँडगार्ड बघ एखादं. परवडेल असं."

परवडेल असं! रूपालीने मोबाईलवर शोध शोध शोधलं. पहिलं पसंत पडलं ते परदेशी होतं. त्याची किंमत ऐकून तिचे वडील, आप्पा, जेवता जेवता थांबले होते.

"एवढ्यात दुभती म्हैस येती," ते म्हणाले होते. "आन म्हैस शेण बी देती."

दुसरं स्वस्त होतं, पण त्याच्यावर कवटीचं चित्र होतं, आणि खाली एकाने लिहिलं होतं की भाच्याच्या वाढदिवसाला दिलं, भाचा खूश. ते खेळण्यातल्या बंदुकीचं निघालं. तिसरं सापडलं कोल्हापूरच्या एका दुकानात. लांबी बरोबर, वजन हलकं, मागची कडी या रायफलीला बसणारी, आणि किंमत अर्धी. फक्त रंग असा होता, की दुकानदाराने फोनवर आधीच माफी मागितली.

"काळं पाहिजे असेल तर दुप्पट पडेल, ताई. हे कुणी घेतच नाही."

"रंगानं नेम चुकतोय का?"

"नेम नाही चुकत. लोक हसतात."

"हसू देत की," रूपाली म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर स्वतःच चकित झाली. गेल्या वर्षी हीच रूपाली वर्गात 'हजर' म्हणायलासुद्धा खाली बघत असे.

पार्सल घरी आलं तेव्हा आप्पा नुकतेच खांबावरची कामं उरकून आले होते. ते वीज खात्यात लाईनमन होते. कुठलीही वस्तू हातात आली की आधी तिची तार कुठून जाते ते शोधत. त्यांनी हँडगार्ड उलटंसुलटं केलं, एका डोळ्याने आरपार बघितलं.

"हे पडवळ कुठनं आणलंस गं?"

"हँडगार्ड हाय ते, आप्पा."

"पडवळच हाय. परसात लाव. आन खाली दगड बांध दोऱ्यानं, न्हायतर वाकडं वाढतंय." मग ते गंभीर झाले. "हे बघ रूपा. यंदा जिल्ह्याच्या संघात निवड झाली तर ठीक. न्हाय झाली तर हे पडवळ मॅडमांच्या गोडाऊनात आन तू घरात. दहावी हाय तुझी."

जिल्ह्याच्या संघात मुली तीन. बेळगावला निवड, तिथून राज्य स्पर्धेला बेंगळूर. रूपालीने हनुवटी वर केली आणि म्हटलं, "बघाच." 

आणि आता हे तिकीट अडकत होतं.

"मॅडम, तुम्ही बसवून द्या की," ती शेवटी म्हणाली.

"मी न्हाय. तुझं तू." मॅडम चहाचा पेला घेऊन दाराकडे गेल्या.

रूपालीने चारी स्क्रू पुन्हा सोडले, हँडगार्ड काढलं आणि कडी बसते त्या जागेवरून नखाने चाचपलं. बारीक, टणक काहीतरी लागलं. जुना डिंक आणि त्याच्यात बसलेली तंबाखूची पूड! एवढ्याशा खड्याने पुढचं टोक एका अंगाला झुकवलं होतं. तिने तो खरवडून काढला, जागा पुसली आणि स्क्रू पिळायला घेतले. एकच एकदम घट्ट नाही. समोरासमोरचे, थोडे थोडे, आप्पा स्कूटरचं चाक बसवताना पिळतात तसे. मग तिकीट घातलं.

ते गेलं. सळसळत, टोकापासून बुडापर्यंत, लोण्यातून सुरी जावी तसं.

रूपाली अशी किंचाळली की मैत्री दचकली, दचकताना शिंकली, आणि तिचा छर्रा कागद सोडून मागच्या फळीत घुसला.

"तंबाखूचा!" सगळ्या ओरडल्या.

मॅडमनी येऊन स्वतः तिकीट सरकवून बघितलं आणि मान हलवली. "झकास. आता पुढं ह्याला काही शिवायचं न्हाय. पट्टा न्हाय, टॉवेल न्हाय, बोट बी न्हाय."

त्या दिवसापासून छर्रे एकमेकांना धरून बसू लागले.

खंडेनवमीला रायफल घरी आणायची परवानगी रूपालीच्या आईने, माधवीने, फोन करून मिळवली. "घरात शस्त्र म्हणून विळी आन कोयता एवढंच हाय, मॅडम. यंदा खरोखरीचं हाय तर पूजू दे की." मॅडम बौद्ध, त्यांच्या घरी या दिवसांत लगबग वेगळी, अशोक विजयादशमीची, पण त्यांनी नाही म्हटलं नाही. अट मात्र घातली. हळदकुंकू पेटीवर. पेटी उघडायची नाही.

माधवीने अट अक्षरशः पाळली. पाटावर विळी, कोयता, शिलाई मशीन, मिक्सर, आप्पांची पक्कड आणि टेस्टर, आणि मधोमध रायफलीची बंद पेटी झेंडूच्या माळेत. आप्पांनी पक्कडीला कुंकू लावलं, टेस्टरला लावलं, बाहेर जाऊन स्कूटरला लावलं. पेटीला मात्र लावलं नाही.

"तिला?" माधवीने विचारलं.

"खेळणं हाय ते. खेळण्याची पूजा करत न्हाईत."

रूपालीने माळेतलं एक फूल तोडलं आणि पाकळ्या एकेक करून ताटात टाकत बसली.

दसऱ्याच्या सुट्टीत सराव नव्हता, पेटी घरीच राहिली, आणि दुसऱ्या दिवशी निवडीचा दिवस उजाडला. निघताना तिने पेटी उचलली तर दोन्ही कड्या लागलेल्या होत्या. उजवी कडी इतकी घट्ट होती की रूपालीला ती कधी लावताच येत नसे. नेहमी लोंबतच असायची. आईने लावली असेल, असं वाटून तिने बस पकडली. आप्पा पहाटेच कामावर गेले होते.

बेळगावचा हॉल थंडगार होता आणि तिथे कशाचाच वास नव्हता. रूपालीची पोपटी रायफल पेटीतून निघाली तेव्हा ओळीतल्या मुली हसल्या. रूपालीने त्यांच्याकडे बघून हात हलवला, जणू स्वागतच चाललंय.

सरावाचे छर्रे डावीकडे गेले. नवीन जागा, नवीन उजेड, असं म्हणत तिने नेम धरायची साइट दोन क्लिक फिरवली. मग खरी फेरी सुरू झाली. पहिला डावीकडे. दुसरा खाली. तिसरा कागदावर कुठे लागला हे बघून तिने डोळे मिटून घेतले. पहिल्या दहा छर्‍यांचा पुंजका नव्हता, अक्षता उधळल्यागत दिसत होते. 'गोडाऊनात आन तू घरात' हे आप्पांच्या आवाजात ऐकू आलं.

तिने रायफल खाली ठेवली, हात वर केला.

"एनम्मा, एनायतु?" काय झालं, असं कन्नडमध्ये विचारत पंच जवळ आले.

"सर, दोन मिनिट्स."

खिशातून शून्याचं तिकीट निघालं. पंचांनी चष्म्यावरून बघितलं. तिने ते फटीत सरकवलं. मध्यावर आलं आणि अडकलं.

तिने वाकून छेदातून आत बघितलं. आत काहीतरी पिवळं होतं. हळदीत भिजवलेला दोरा एका छेदातून आत गेला होता, नळीला वळसा घालून दुसऱ्या छेदातून बाहेर आला होता आणि हँडगार्डच्या खालच्या अंगाला, हात जाणार नाही अशा जागी आवळला होता. आत, नळीला घट्ट टेकलेलं, एक लहानसं हळकुंड होतं. पडवळाला दगड बांधतात तसं.

गाठ नव्हती. दोरा वेटोळ्याला वेटोळं लावून गुंडाळलेला होता आणि शेवट आत दुमडून दडवलेला. लहानपणी आप्पा तिच्या तुटलेल्या चपलेचा पट्टा असाच बांधून देत. खांबावरची तारही अशीच बांधतात. कापल्याशिवाय सुटत नाही.

मागच्या खुर्च्यांवरून उपासना मॅडम अर्ध्या उभ्या राहिल्या होत्या. रूपालीने त्यांना खुणेने 'बसा' म्हटलं. पंचांनी कात्री दिली. तिने दोरा कापला. हळकुंड बाहेर ओढलं, तिकीट सळसळत गेलं, साइटचे दोन क्लिक मागे फिरवले. हळकुंडासकट कापलेला दोरा टाकायला कचऱ्याचा डबा समोरच होता. तिने तो डाव्या मनगटाला गुंडाळला, दाताने ओढून सैलसर गाठ मारली आणि रायफल उचलली.

त्यानंतरचे छर्रे एकमेकांच्या भोकांतून जात राहिले.

"लगीन ठरलं काय गं?" फेरी संपल्यावर मैत्रीने तिच्या मनगटावरचं हळकुंड हलवून विचारलं. मैत्री दुसरी आली होती. रूपाली चौथी.

"मॅडम, पहिले दहा..." रूपाली म्हणाली.

"माहीत हाय. तंबाखू हितं चालत न्हाय," मॅडम म्हणाल्या, आणि तिच्या खांद्यावर ठेवायला उचललेला हात त्यांनी तसाच मागे घेतला. "पण पुढचे सगळ्यात भारी तुझे होते."

संध्याकाळी निपाणी स्टँडवर आप्पा स्कूटर घेऊन उभे होते. खाकी शर्टावर दिवसभराची धूळ होती, केस मात्र ओले करून विंचरलेले.

"काय झालं?"

"चौथी. राखीव."

आप्पांनी पेटी हातात घेतली, स्कूटरच्या पुढ्यात उभी केली. "सराव तर चांगला होता म्हणत होतीस."

"पहिल्या दहात घोळ झाला. शिंक आली."

"शिंक?"

"व्हय. लागोपाठ."

पेटीची उजवी कडी लोंबत होती. आप्पांनी न बघता अंगठ्याने दाबली आणि ती टक्कन बसली. मग त्यांचं लक्ष तिच्या मनगटाकडे गेलं. पिवळ्या दोऱ्याकडे आणि हळकुंडाकडे ते बराच वेळ बघत राहिले. स्टँडवर कोल्हापूरची गाडी लागली, माणसं चढली, गाडी सुटली.

"बेळगावात तंबाखू कुठली?" ते हळूच म्हणाले.

"न्हायच की. तरी आली."

आप्पांनी वर खांबाकडे बघितलं. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं. "त्या पडवळाला दगड चालत न्हाय व्हय?"

"न्हाय, आप्पा. ते मोकळं सोडलं तरच सरळ जातंय."

"असं हाय व्हय," ते म्हणाले आणि स्कूटरला किक मारली. दुसऱ्या किकेला ती सुरू झाली. रायफल क्लबात परत ठेवायला दोघं गोडाऊनकडे निघाले. वळणावर आप्पा मान मागे न वळवता म्हणाले, "बेंगळूरला जाताना दहावीची पुस्तकं घे संगं."

"आप्पा, राखीव हाय मी. कुणाला ताप आला तरच घेणार."

"येतोय गं. एवढ्या पोरी हाईत, येतोय कुणाला तरी."

मॅडमनी गोडाऊनचं दार उघडून ठेवलं होतं. आप्पा पहिल्यांदाच आत येत होते. पेटी दोन्ही हातांत धरून त्यांनी उंबरा ओलांडला आणि त्यांना अशी शिंक आली, की पेटी सुटता सुटता राहिली. मागोमाग दुसरी.

"तंबाखूचा," रूपाली म्हणाली.

"आं?" आप्पांनी डोळे पुसले. "म्हंजे काय?"

"म्हंजे ते धरत न्हाईत," तिने पेटीचं दुसरं टोक उचललं. "परत मारायला मिळतंय."