धुलाईघरातलं मतदान

या मायबाप, असे जवळ सरका. एका धुलाईघराची गोष्ट सांगतो, आणि ती हळू आवाजातच सांगण्यासारखी आहे.

मोठ्या इस्पितळाचं धुलाईघर. चाळीस माणसं, बहुतेक बाया. आपला मुकादम ती स्वतःच निवडत, दरवर्षी, हात वर करून. तुम्ही म्हणाल, मग बिघडलं कुठं? बिघडलं असं, की जुन्या मुकादमाविरुद्ध दरवेळी दोघी-तिघी उभ्या राहत, त्याला नको म्हणणारे हात आपसात वाटले जात, आणि पंधरा हातांवर हा गडी पुन्हा खुर्चीत. उकळत्या हौदावर कोण उभं राहणार, हे तोच ठरवी. वर्षभर तिथं त्यानं धुलाईघरातल्याच एका इस्त्रीवालीच्या थोरल्या जावेला उभं केलं होतं. जाऊबाईंची छाती आता जिना चढताना शिटीसारखी वाजे. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, "आणखी एक वर्ष वाफेत काढलंत, तर माझ्याकडे येऊ नका."

म्हणून इस्त्रीवालीनं सहा महिने ज्याच्या-त्याच्या मिनतवाऱ्या करून नवी पद्धत आणली. चिठ्ठीवर चार नावं, प्रत्येकापुढं पसंतीचा आकडा. एक, दोन, तीन, चार. कुणालाच निम्म्याहून जास्त 'एक' नसतील, तर शेवटचा बाद, आणि त्याच्या चिठ्ठ्या पुढच्या पसंतीकडे.

"हात वर करायला शाळा लागत नाही," बाया कुरकुरल्या. "हे काय बाई नवीन झेंगट!"

तरी चिठ्ठ्या पडल्या, आणि मोजणी सुरू झाली. इस्पितळाचे कारकून एकेक चिठ्ठी उलगडून वाचत होते.

"मुकादम, एक. मुकादम, एक. पुन्हा मुकादम."

पहिल्या चौदा चिठ्ठ्यांतल्या अकरा त्याच्या! इस्त्रीवाली बोटांवर मोजत होती. देवा, माझ्याच हातानं जाऊबाईला वाफेत लोटलं का रे? शेजारी मळके कपडे निवडणारी मावशी बसली होती. इस्त्रीवाली तिच्या कानाशी लागली, "मावशी, तुम्ही एक कुणाला दिला?"

"त्यालाच की."

"अहो, पण का?"

"का म्हणजे? एक म्हणजे सगळ्यात घाण गाठोडं. ते आधी उकळत्यात टाकायचं. वीस वर्षं खडूनं हेच लिहिते मी. चार म्हणजे जवळपास स्वच्छ."

इस्त्रीवालीच्या आता ध्यानात आलं. तिच्या टेबलावर सगळं धुऊनच यायचं. खडूचे आकडे तिनं कधी पाहिलेच नव्हते. आणि पद्धत समजावली होती तीही त्याच टेबलापाशी उभं राहून.

"थांबा!" ती उठली. "आकडे उलटे पडलेत!"

मुकादम हसला. "का गं वहिनी, हरायला लागलीस की डाव मोडायचा?"

कारकुनांनी चष्मा पुसला. "बाई, मतदान गुप्त आहे. कुणाच्या मनात काय होतं, मला कसं कळणार? कुणी आपणहून सांगितलं तर गोष्ट वेगळी."

कोण सांगणार? मुकादम एकेका तोंडाकडे बघत होता. इस्त्रीवालीनं मान खाली घातली. मावशीला हे सांगायला लावण्याची तिची छाती होईना.

गुडघ्यांवर हात टेकत मावशी आपणच उठली. "मी लिहिला ह्याला एक. सगळ्यात मळका म्हणून."

हशा फुटला. मुकादम तेवढा हसला नाही. मग आणखी तिघी उठल्या, तेव्हा कारकुनांनी पेटी बंद केली. आठ दिवसांनी फेरमतदान.

पण ते आठ दिवस कामाची पाळी लावणं मुकादमाच्याच हातात होतं! तिसऱ्या दिवशी मावशीची बदली, पलीकडच्या इमारतीत, फरशा पुसायला. धुलाईघराच्या यादीतून नाव गेलं, म्हणजे मतही गेलं. इस्त्रीवाली धावत तिच्याकडे गेली.

"माझ्यापायी झालं हो मावशी."

"डोळे पूस आधी. एकोणचाळीस उरलेत ना? त्यांना नीट सांग. टेबलापाशी नको, खाली गाठोड्यांत येऊन सांग."

तिनं तसंच केलं. एकेकीच्या शेजारी उकिडवं बसून, खडू हातात घेऊन. 

जुना मुकादम एका मतानं पडला. जाऊबाई आता चादरींच्या घड्या घालतात. शिटी पुरती थांबली नाही, पण जिना चढता येतो.

मावशी मात्र अजून फरशाच पुसते. नाव आता पलीकडच्या यादीत, ते परत आणणं नव्या मुकादमाच्या हातात नाही म्हणतात. मायबाप, इतकंच मागणं आहे, त्या म्हातारीची आठवण असू द्या.