बूचकाकांचा अंगठा

तळघरात पाणी शिरलं, पायाशी ओल धरली, भिंतीतून धार लागली, की त्या भागातली माणसं दुसरा विचार न करता बूचकाकांना फोन लावायची. खरं नाव घरच्यांना आणि सरकारी कागदांना ठाऊक असेल तेवढंच. हा गृहस्थ यायचा, गुडघे टेकून बसायचा, भोकात झटपट घट्ट होणारं सिमेंट कोंबायचा आणि त्यावर उजवा अंगठा दाबून मोजून तीन मिनिटं तसाच बसायचा. ते सिमेंट घट्ट होताना चांगलं तापतं, अंगठा भाजून निघतो. पण काका हलायचे नाहीत. तीन मिनिटांनी अंगठा काढला की धार बंद, आणि बघणाऱ्यांनी तोंडात बोटं घालायची. अंगठ्यावर लहानपणी करवत लागल्याचा आडवा व्रण होता, तो प्रत्येक बुचावर उमटायचा. काका म्हणायचे, ही माझी सही.

माणूस मनाने वाईट नव्हता. जगातली सगळी भोकं बुजवली, पण स्वतःच्या तोंडाला काही बूच बसवता आलं नाही, एवढंच. दुसऱ्याचं काम पाहिलं की जीभ सुटलीच. "कोणी बांधलंय हे? डोळे मिटून बांधलंय का?" गिऱ्हाईक हसायचं आणि काका फुगायचे. आणि हे बोलणं परक्यांपुरतं राहिलं असतं तर मला ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

काकांचा थोरला भाऊ गवंडी होता. थापी कशी धरायची, ओळंबा कसा सोडायचा, हे काकांना त्यानेच शिकवलं. उताराच्या जागेवर त्याने स्वतःच्या हाताने घर बांधलं आणि त्याखाली एक तळघर काढलं, मागची अर्धी बाजू जमिनीत गेलेलं. पुढे दादाला झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. त्याच वर्षी खूप पाऊस झाला आणि तळघरात घोट्याएवढं पाणी साचलं.

काका तेव्हा या धंद्यात नवे होते. अंगठ्याची करामत नुकतीच शिकले होते आणि ती दाखवायला हात शिवशिवत होते. पाणी उपसायला शेजारपाजारचे सहा-सात जण आले होते. दादाही डाव्या हातात काठी घेऊन, वहिनींच्या आधाराने कसाबसा चार पायऱ्या उतरून बसला होता. मागच्या भिंतीच्या बुडाशी एक भोक होतं आणि त्यातून मनगटाएवढी धार येत होती. काकांनी सिमेंट कालवलं, कोंबलं, अंगठा लावला. दादा काठी आपटायला लागला. भिंतीकडे काठी रोखायचा, जमिनीवर आपटायचा, परत रोखायचा. तोंड लालबुंद झालं होतं, घशातून नुसता आवाज येत होता.

आणि काका, अंगठा तसाच दाबून, मान वळवून म्हणाले, "दादा, आता भिंतीवर काठी उगारून काय होणार? बांधतानाच भोक राहिलंय का ते बघायचं होतंस."

सगळे हसले. गवंड्याच्याच घराला भोक, म्हटल्यावर हसणारच. वहिनींनाही मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी दादाच्या हातातून काठी काढून घेतली आणि त्याला वर नेलं. चार महिन्यांनी दादा गेला.

तेव्हापासून बारा वर्षं झाली. पहिली दोन वर्षं तळघर कोरडं राहिलं आणि काकांनी ते ज्याला त्याला सांगितलं. मग त्याच भिंतीला गुडघ्याच्या उंचीवर ओल आली. काकांनी एक लेप दिला. मग ओल कमरेएवढी चढली, लोणा लागला, पोपडे पडायला लागले. दुसरा लेप झाला, तिसरा झाला, चौथा झाला. आणि दर वेळी वहिनींच्या हातचा चहा पिता पिता तेच वाक्य, "काय करणार वहिनी, पायाच कच्चा घातलाय दादाने." वहिनी मान खाली घालून ऐकायच्या. पुढे पुढे त्यांनाही ते खरंच वाटायला लागलं.

यंदा भिंतीने पोट काढलं. पुतणी म्हणाली, आता पुरे. घर तिच्या नावावर, काळजीही तिलाच. तिने ठरवलं, तळघर माती-मुरूम टाकून भरून टाकायचं. सोमवारी पहिला ट्रक येणार होता. शनिवारी दुपारी तिने काकांना बोलावलं.

"काका, एकदा बघून सांग, भरताना ही भिंत पडणार तर नाही ना? पोट बघ कसं सुटलंय तिला."

"माझं बघ आधी," काका म्हणाले. पुतणी हसली आणि वर गेली.

काकांनी कोट काढून ठेवला, छिन्नी-हातोडा घेतला आणि भिंतीच्या बुडापासून सुरुवात केली. त्यांचेच चार लेप, एकावर एक. ते पापुद्र्यांसारखे सुटत गेले. त्यांच्याखाली ते जुनं बूच निघालं. मधोमध अंगठ्याचा खड्डा आणि त्यात आडवा व्रण, काल दाबल्यासारखा स्पष्ट. काकांना जरा बरंच वाटलं. बारा वर्षं झाली, सही हलली नाही, असं काहीसं ते पुटपुटलेही.

मग त्यांनी बुचाभोवती छिन्नी फिरवली आणि आवाज बदलला. दगडाचा नव्हता तो. खरवडून बघतात तर भोवती भाजक्या मातीचं गोल कडं. नळीचं तोंड होतं ते.

काका छिन्नी हातात घेऊन तसेच बसले. भिंतीत भोक चुकून राहू शकतं. नळी चुकून राहत नाही. ती कोणीतरी आणावी लागते, मापाने कापावी लागते, बाहेरच्या बाजूला खडी भरून तिला आतल्या बाजूला किंचित कल द्यावा लागतो. उताराच्या जमिनीतलं पाणी भिंतीमागे साचू नये, त्याला वाट मिळावी, भिंतीवर जोर येऊ नये म्हणून. काकांना हे कोणी सांगायला नको होतं. गेली आठ वर्षं ते स्वतः लोकांच्या तळघरांना अशाच नळ्या बसवत होते आणि "ही नवीन पद्धत आहे, जुन्या गवंड्यांना कुठली माहीत" म्हणून सांगत होते.

त्यांनी मागे वळून फरशीकडे पाहिलं. या फरशीवरून घरात कायम चेष्टा चालायची. पुतणी लहानपणी गोट्या खेळायची तेव्हा प्रत्येक गोटी कोपऱ्यातल्या कपाटाखाली जायची. बाबांची फरशी वाकडी, असं तिने शाळेतल्या निबंधातसुद्धा लिहिलं होतं. काका उठले, खांदा लावून ते रिकामं कपाट सरकवलं. खाली लोखंडी जाळी होती. जाळीखाली खड्डा, खड्ड्यातून खालच्या अंगाला बाहेर जाणारा पाइप. जाळीवर जुन्या गोणपाटाचा कुजलेला थर चिकटलेला. त्या दिवशी या कपाटाखाली गोणपाटांची चळत कोंबलेली होती, हे काकांना लख्ख आठवलं. पाणी साचलं होतं ते या गोणपाटांमुळे. ती उचलली असती तर अर्ध्या तासात तळघर कोरडं झालं असतं. पण आपण आलो आणि आधी काय शोधलं, तर भोक.

दादा काठी आपटत होता. आधी भिंतीकडे, मग जमिनीकडे.

काकांना त्या ओल्या तळघरात घाम फुटला. कोणीही समोर नव्हतं, तरी त्यांना तोंड कुठे लपवू असं झालं. ज्याने थापी धरायला शिकवली त्याला चार माणसांत मूर्ख ठरवलं, तोही बोलू शकत नसताना. आणि मग बारा वर्षं, त्याच्याच घरात बसून, त्याच्याच बायकोला तेच तेच ऐकवलं. शी.

त्यांनी बुचावर घाव घातले. तिसऱ्या घावाला ते अख्खं निघून हातात आलं. आधी चिखल आला, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ धार. काकांनी जाळीवरचा कुजका थर ओढून काढला आणि बूच खिशात टाकलं. हो, खिशात टाकलं. हात आपोआप तिकडे गेला, असं ते पुढे म्हणाले. पण हात आपोआप कुठे जात नसतो.

पायऱ्यांवर कपबशी वाजली. वहिनी चहा घेऊन आल्या होत्या.

"जमेल का हो काही, भाऊजी?"

"जमेल असं वाटतंय. भरायची गरज नाही पडणार. पाण्याला वाट करून दिली."

वहिनींचा चेहरा उजळला. "तुम्ही आहात म्हणून. ह्यांनी घोळ घालून ठेवायचा आणि तुम्ही निस्तरायचा, असंच चाललंय."

इथे तोंड उघडायचं होतं. एरवी कारण नसताना चालणारी ती जीभ टाळूला चिकटून बसली. काकांनी चहाचा घोट घेतला. चहा गोड होता, तरी तोंड कडू झालं. नाहीतरी कोणाला कळणार आहे, असं त्यांच्या मनात आलं. भिंत सावरेल, तळघर राहील, सगळं चांगलंच होईल. दादा काय ऐकायला येणार आहे. असे विचार त्यांच्या मनात आले, आणि एक घोट संपेपर्यंत राहिलेसुद्धा.

पुतणी खाली आली, धार पाहिली आणि खूश झाली. "काका, तू म्हणजे कमाल आहेस," म्हणत तिने तिथूनच ट्रकवाल्याला फोन लावला. "सोमवारचं राहू द्या. आमच्या काकांनी उपाय काढलाय. हो ना, मूळ काम बाबांचं, ते कच्चंच होतं. काका होते म्हणून निभावलं."

"फोन ठेव," काका म्हणाले.

"अरे, एक मिनिट..."

"ठेव म्हणतो ना."

तिने फोन ठेवला. काकांनी खिशातून बूच काढलं आणि समोर धरलं.

"हा अंगठा माझा. हे मी कोंबलं होतं, दादाच्या नळीत. भोक नव्हतं ते. पाणी बाहेर पडावं म्हणून त्याने मुद्दाम ठेवलेली नळी होती. मी ती बंद केली म्हणून पाणी मागे तुंबलं, म्हणून ओल चढली, म्हणून भिंतीने पोट काढलं. पाया कच्चा नाही. पाया कधीच कच्चा नव्हता. बारा वर्षं मी खोटं बोललो. आधी कळलं नाही म्हणून, आणि आत्ता चहा पिताना कळत असून."

पाणी नळीतून उतरलं, फरशीवर आलं आणि कुठेही न पसरता, एका सरळ पट्टीत, जिथे गोट्या जायच्या तिथे निघालं. जाळीपाशी पोचलं आणि खाली गेलं. पुतणी ते बघत राहिली.

"म्हणजे फरशी वाकडी नव्हती," ती म्हणाली.

"नाही. उतार दिला होता त्याने. सुताला सूत."

ती जाळीजवळ उकिडवी बसली आणि तिने ओंजळीत तोंड लपवलं.

वहिनी अजून पायरीवरच उभ्या होत्या. त्यांनी कपबशी खाली ठेवली आणि हळूहळू त्याच पायरीवर बसल्या. दादा बसला होता त्याच पायरीवर.

"त्या दिवशी काठी आपटत होते," त्या म्हणाल्या. "ते हेच सांगत होते?"

काकांना मान वर करता येईना. "हो."

"मला वाटलं, चारचौघांत चूक उघडी पडली म्हणून चिडलेत. काठी मी वरच्या खोलीतल्या कपाटावर ठेवून दिली होती. परत दिलीच नाही. उगाच आपटतील, शेजारी हसतील म्हणून. हाताने दाखवायचे, कपाटाकडे. चार महिने दाखवत होते. मी म्हणायचे, आता कशाला हवी, कुठे चाललाय तुम्ही."

काका त्या पाण्याच्या पट्टीशेजारी खाली बसले. म्हणाले, "वहिनी, मला काय हवं ते बोला."

"मी काय बोलू." वहिनींनी पदराने डोळे पुसले. "त्या दिवशी इथे जे होते, त्यातले किती जण आहेत अजून?"

"पाच तरी असतील."

"उद्या सकाळी बोलवा त्यांना. इथे, खाली. हे पाणी दाखवा आणि आत्ता जसं सांगितलंत तसं सांगा."

"सांगतो. सगळं माझ्यावर घेऊन सांगतो. तुमच्या काठीचं कोणाला कळायची गरज नाही."

वहिनी उठल्या. भिंतीला हात लावून, सावकाश एकेक पायरी चढत वर गेल्या आणि दारात थांबल्या.

"काठीचं तुम्ही नका सांगू, भाऊजी," त्या म्हणाल्या. "ते मी सांगेन."