डावी ओढ

उजव्या बुटाचा तळवा चवड्याखाली इतका झिजला होता की अंगठा दाबला तर आतल्या कापडाची वीण हाताला लागावी. डावा मात्र, जोड तोच आणि वर्षेही तीच, अजून धडधाकट होता. रविवारी सकाळी दारामागचा कोपरा झाडताना त्याने आईचे ते बूट उचलले आणि उजवा तसाच उजेडात धरून उभा राहिला, दुकानात चष्म्याची काच धरावी तसा. शेपटीखाली चाक असलेले, एका इंजिनाचे टपालाचे विमान आई याच बुटांनी चालवीत असे. इंजिनाला पुरा जोर दिला की प्रोपेलर विमानाचे नाक डावीकडे खेचतो आणि वैमानिकाने उजवे पेडल दाबून ते सरळ राखायचे असते, हे त्याला बाराखडीच्या आधी ठाऊक झाले होते. इतर मुलांच्या आया मुलांना सरळ चालायला शिकवीत. त्याची आई म्हणे, सरळ जायचे असेल तर एका बाजूला सतत थोडे भांडत राहावे लागते.

आणि तीच आई आता कशाशीच भांडत नव्हती…

घरबसल्या विमान उडवण्याचा सिम्युलेटर त्यानेच आणला होता. मोठा पडदा, दांडा, टेबलाखाली खरी धातूची पेडले. सोबत फुकट मिळालेल्या विमानात आई बसली, तिने जोर दिला, आणि विमान धावपट्टी सोडून उजवीकडच्या गवतात शिरले. दुसऱ्यांदाही गवतातच. ती शांतपणे उठली, म्हणाली की छान आहे, चित्रे फार सुंदर आहेत. आणि त्या दिवसापासून रोज सकाळी ते सारे यंत्र मऊ फडक्याने पुसू लागली. पुसणेच फक्त. स्वयंपाकघरात सुनेला मात्र ती हळूच म्हणाली होती, "पाय विसरला गं माझा."

पाय विसरला नव्हता. ते फुकटचे विमान शिकाऊ लोकांसाठी केलेले, त्यातून डावी ओढच काढून टाकलेली. जी ओढ नव्हती तिच्याशी आईचा पाय इमानाने भांडला होता. हे वाचनात आले तेव्हा तो धावतच तिला सांगायला गेला. तिने सगळे ऐकून घेतले, त्याच्या खांद्यावरचा धागा उचलला आणि म्हणाली, "असेल रे." हे 'असेल' त्याच्या चांगलेच ओळखीचे होते. डोळे तपासणे हा त्याचा धंदा. ही काच बरी की मघाची, असे दिवसभर विचारताना त्याला कळून चुकले होते की माणसे हरली की भिडस्त होतात आणि म्हणतात, दोन्ही बऱ्या आहेत.

तेव्हा ओढ असलेले ॲड-ऑन, म्हणजे सिम्युलेटरात वरून घालायचे, विमान विकत घेणे आले. पण कोणते? दोन इंजिनांचे देखणे होते, परंतु त्याचे प्रोपेलर एकमेकांविरुद्ध फिरणारे, म्हणजे ओढ पुन्हा नाहीच. पिवळ्या प्रशिक्षण-विमानाची ओढ सौम्य, सांभाळून घेणारी. आई ते सहज उडवील आणि उडवता उडवताच ओळखील की मुलाने आपल्याला पाणी घातलेले दूध दिले. उरले ते टपालाचे, तिचेच. त्याच्या कर्त्याने अभिमानाने लिहिले होते की ही ओढ कोणालाही क्षमा करीत नाही. आणि समजा, त्यातही ती गवतात गेली तर? मग दोष द्यायला विमान उरणार नाही. उरेल फक्त पाय. — या 'समजा'पाशी येऊन तो रोज खरेदीचे पान बंद करीत असे.

"मला एका भेटीत होकार दिलास," बायको जाता जाता म्हणाली, "आणि या पंख्यापायी महिना घालवतोयस."

तो वळला तर फडके घेऊन आई दारात उभी होती आणि तिची नजर पडद्यावर होती. लपवण्यासारखे आता काही राहिले नव्हते. तिने तिन्ही विमाने पाहिली. दोन इंजिनांच्याला 'लग्नाळू' म्हणाली, पिवळ्याला 'गुणी बाळ'. तिसऱ्यापाशी थांबली.

"ही फार भांडकुदळ होती."

"म्हणून नको म्हणतेस?"

"मी कुठं नको म्हटलं? नको तू म्हणतोयस. केव्हाची बघतेय, बोट तिच्यापाशी नेतोस आणि मागं घेतोस." तिने फडक्याची घडी घातली. "मी पडेन म्हणून भितोस ना?"

हो म्हणणे क्रूर झाले असते आणि नाही म्हणणे त्याहून क्रूर. म्हणून त्याने खरेदीचे बटण दाबले. विमान डाउनलोड होत असताना पडद्यावर एक पट्टी सावकाश भरत गेली, तेवढ्या वेळात तिने खुर्ची दोनदा पुढे-मागे केली, पाठीशी उशी घेतली, ती काढली, पुन्हा घेतली. इंजिन आधी खोकले, मग लागले. आवाज तिला पसंत नव्हता. फार धुतलेला आहे, म्हणाली. कित्येक दिवसांत तिने कशाला नावे ठेवली नव्हती.

तो तिच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला. तेथून उजवा पाय नीट दिसत होता.

"मागं नको उभा राहूस," ती न वळता म्हणाली. "मागं परीक्षक असतो. इकडं बस, शेजारी."

त्याने स्टूल ओढले. शेजारून पाय दिसेना. टेबलाची फळी मध्ये येत होती. दिसत होते ते तिला दिसत होते तेच — शेपूट जमिनीला टेकल्यामुळे वर उचललेले नाक, त्याच्या दोन्ही अंगांनी निसटती जमीन, आणि समोर जिथे धावपट्टी असायची तिथे नुसते आकाश. म्हणजे इतकी वर्षे तिला समोरचे दिसतच नव्हते? कडांवरून अंदाज घेत ती सरळ जात होती… आणि मी, दिसतंय का, दिसतंय का, असे सगळ्या गावाला विचारीत राहिलो, तिला कधी विचारले नाही. तिचा हात पुढे सरकू लागला. आवाज वाढला, कडा धावू लागल्या, नाक डावीकडे वळू पाहत होते. आणि त्याच्या ध्यानात आले की आताची ही भीती तिच्यासाठीची नव्हतीच, महिनाभर वागवलेली ती जड, जाणती भीती कुठेतरी खाली राहून गेली होती — ही साधी होती, उतारूची, जमीन सुटण्याआधी स्टुलाची कड घट्ट धरून बसणाऱ्या कोणाचीही, आणि तिच्यात, कबूल करायला हरकत नाही, थोडी मजाही होती.