आडव्या चालीचे चाक

दोन हजार अठरा सालच्या दसऱ्याची ही गोष्ट. मित्रांनो, मी एक जुने चाक आहे, मुलुंडच्या एका शाळेतल्या रोबोटचे. माझ्या कडेवर रबराचे छोटे रोलर तिरके बसवलेले आहेत. आम्हा चार चाकांपैकी दोघांचे रोलर एकीकडे झुकतात, दोघांचे दुसरीकडे. ज्याची त्याची जागा ठरलेली. ती जुळली की रोबोट तोंड न वळवता खेकड्यासारखा आडवा चालतो.

त्या शाळेत दसऱ्याला हातोडी, पकड, ड्रिल यांची पूजा होई. त्या वर्षी चेतना बाई म्हणाल्या, "चाकांनाही हळदकुंकू वाहू या." मग आम्हांला काढून, पुसून पाटावर मांडले. झेंडूची फुले वाहिली. कौतुक झाले ते तेवढेच.

पूजा झाल्यावर रोबोटच्या गटाचा प्रमुख सुयोग याने घाईघाईत आम्हांला परत बसवले. पुढची आम्ही दोघे एकमेकांच्या जागी गेलो. रोबोट सरळ पुढे गेला, सरळ मागे आला. "झकास!" सुयोग म्हणाला. आडवा चालवून कुणीच पाहिला नाही.

दोन दिवसांनी अंधेरीला रोबोटची स्पर्धा होती. तिथे रिमोट पहिल्यांदाच नववीतल्या क्षमाकडे होता. सुयोगला ते पटले नव्हते. पहिली फेरी बिघडली तर रिमोट परत सुयोगकडे, असे बाईंनी बजावले होते. शिट्टी झाली. क्षमाने आडवे जायची कळ दाबली आणि रोबोट जागच्या जागी गिरक्या घेऊ लागला.

"ए, गरबा खेळतोय काय तो?" सुयोग ओरडला.

"मी बरोबरच दाबलंय ना!"

"नाचता येईना, अंगण वाकडं! आण तो रिमोट."

फेरी गेली. बाहेर सरावाच्या जागेत सुयोगने स्वतः चालवून पाहिले. पुन्हा तीच गिरकी. क्षमाने रोबोट उलटा केला आणि आमच्या रोलरवरून बोट फिरवले.

"पुढची दोन्ही उलटसुलट लागलीत रे. पूजेनंतर कोणी बसवली?"

"मीच. वाट लावली यार मी."

दोघांनी मिळून आम्हांला आपापल्या जागी बसवले. बाई आल्या तेव्हा सुयोगने रिमोट क्षमाच्या हातात दिला. "बाई, पहिली फेरी माझ्यामुळे गेली. हिलाच चालवू द्या."

दुसऱ्या फेरीत रोबोट आडवा, सरळ, हवा तसा चालला. पहिल्या फेरीचे गुण मात्र भरून निघाले नाहीत. बक्षीस दुसऱ्यांना मिळाले.

चेतना बाई आता निवृत्त होऊन बोरिवलीला लेकीकडे राहतात. सुयोग घाटकोपरला लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर आहे. काम संपले की प्रत्येक मजल्यावर लिफ्ट थांबवून पाहिल्याशिवाय तो निघत नाही, असे म्हणतात. क्षमा इंजिनिअर झाली आणि सुट्टीच्या दिवशी शाळेतल्या मुलांना रोबोट चालवायला शिकवते. माझा एक रोलर तुटला आहे. मी कपाटातल्या खोक्यात असते. अंगावरची धूळ कुणी पुसत नाही.

मित्रांनो, यंत्रांची धूळ पुसत जा. आणि एखादे यंत्र चुकू लागले, तर चालवणाऱ्याच्या हातून ते लगेच हिसकावू नका. आधी ते उलटे करून पाहा.