लाल रंगाखालची बाजू

"हनुवटी किंचित वर घ्या आणि श्वास सोडा," असे मी समोर बसलेल्या गृहस्थांना सांगत होतो, इतक्यात खिशातील मोबाईल वाजला. पासपोर्टचे फोटो काढताना फोन पाहायचा नाही हा माझा नेम आहे. तथापि बँकेच्या संदेशाचा सूर वेगळा असतो आणि तो कानी पडला की हात आपोआप खिशाकडे जातो. आमच्या दोघांच्या खात्यातून एका अपरिचित कंपनीने जवळपास दुकानाच्या भाड्याइतकी रक्कम कापून घेतली होती. मी गृहस्थांचा फोटो काढला, तो हलला. दुसरा काढला, तोही हलला.

"मालक, हलतंय कोण? मी का तुम्ही?" गृहस्थ म्हणाले.

त्यांचे काम कसेबसे उरकून, दाराला कुलूप लावून मी घर गाठले. पत्नी दुपारच्या सुट्टीत घरी आली होती. ती एका पाळणाघरात कामाला आहे. एक मूल उजव्या कडेवर, एक डाव्या, आणि तिसरे गुडघ्याला बिलगलेले, अशा अवस्थेत तिला चालताना पाहिले की एखादा भरलेला वृक्ष जागचा हलून निघाला आहे असे मला नेहमी वाटत आले आहे. मी विचारताच तिने हातातील पेला खाली ठेवला.

"ते फुकट होतं हो," ती म्हणाली.

"काय फुकट होतं?"

"वजन उतरवायच्या गोळ्या. मोबाईलवर जाहिरात आली. दोन आठवडे वापरून बघा, पैसे नकोत. नुसता पाठवायचा खर्च द्या, म्हणाले. तेवढ्यासाठी कार्डाचा नंबर घातला."

"मग आज एवढे कसे गेले?"

"मला काय माहीत. मी तर दुसरी बाटली मागवलीही नव्हती. काल आपली येऊन उभी राहिली दारात."

पिठाच्या डब्यामागून तिने दोन पांढऱ्या बाटल्या काढल्या. एक रिकामी होत आली होती. तेव्हा माझ्या ध्यानात आले की अलीकडे ती अर्ध्या जेवणावरून उठत होती, आणि जिना चढून आली की कठड्याला धरून उभी राहत होती.

"छातीत धडधडतं का?"

"थोडं. चरबी जळताना होतं तसं. लिहिलंय त्यांनी."

बाटलीवरील क्रमांकास आम्ही फोन लावला. एका मधुर आवाजाने आमचा कॉल किती महत्त्वाचा आहे हे पुन्हा पुन्हा सांगितले आणि शेवटी फोन तोडला. मग तिने मला ती जाहिरात दाखवली. डावीकडे स्थूल स्त्री, उजवीकडे तीच स्त्री सडपातळ. माझे शिक्षण बेताचे आहे, परंतु फोटो पाहण्यातच माझे आयुष्य गेले आहे.

"हे दोन फोटो नाहीत, एकच आहे," मी म्हणालो. "मागच्या भिंतीच्या फरश्या बघ. कमरेपाशी रेघा आत वाकल्यात. बाई बारीक होईल, पण फरशी कशी होईल?"

"तुम्हाला जगातले सगळेच फोटो खोटे दिसतात," ती म्हणाली. परंतु कार्ड घेऊन माझ्यासोबत बँकेत आली.

बँकेतील चष्मेवाल्या मुलीने सारे शांतपणे ऐकून घेतले.

"मावशी, फुकट असतं तर कार्ड कशाला मागितलं असतं? खाली मुंगीएवढ्या अक्षरात असतं बघा. मुदतीच्या आत नको म्हणून कळवलं नाही, तर दर महिन्याला बाटली आणि दर महिन्याला पूर्ण पैसे. आणि कळवायला जावं तर फोन कुणी उचलत नाही."

पत्नीने मान खाली घातली.

"अहो, मान वर करा. आमच्या मॅनेजर साहेबांच्या सासूबाई गेल्याच आठवड्यात याच खुर्चीत बसून गेल्यात."

मुलीने जुने कार्ड बंद केले, तक्रार नोंदवून घेतली आणि जाहिरात व संदेश मोबाईलमधून पुसू नका असे बजावले. पैसे परत येतील का, असे मी विचारले. "प्रयत्न करू. शब्द देत नाही," ती म्हणाली. रस्त्यात पत्नीने हळूच विचारले, "मॅनेजरच्या सासूबाई माझ्याएवढ्या असतील का हो?" आम्ही दोघेही हसलो. प्रकरण मिटले, असा माझा समज झाला.

घरी येताच तिने पाणी घेतले आणि नव्या बाटलीचे झाकण फिरवले.

"अगं, आता कशाला?"

"पैसे तर गेलेच. मग गोळ्या कशाला वाया घालवू?"

"त्या बाईचा फोटो खोटा आहे, दाखवला ना तुला?"

"तिचा असेल. माझा तर खरा आहे?" तिने भिंतीकडे बोट केले. "मी अशी होते. मला परत तसं व्हायचंय, दुसरं काही नको."

भिंतीवरील त्या फोटोविषयी येथे सांगणे प्राप्त आहे. तो तिच्या वडिलांनी काढलेला. त्यांना सारा बाजार उस्ताद म्हणत असे. स्टुडिओ त्यांचा, जागा भाड्याची होती. मी त्यांच्याकडे डार्करूममध्ये कामाला होतो. त्या काळी फोटो धुऊन हाती येईपर्यंत माणसे धीर धरून असत. नवी जोडपी तर काउंटरवर लिफाफा उघडण्यापूर्वी एकमेकांकडे पाहून लाजत. तो वेळ आता कोणापाशी उरला नाही. उस्तादांची मुलगी रोज दुपारी त्यांचा डबा घेऊन येई. तिच्या पावलांनी लाकडी जिना असा वाजे की आत अंधारात असूनही मला ती आल्याचे समजे, आणि माझ्या हातातील कागद फोटो धुण्याच्या औषधात गरजेपेक्षा जास्त वेळ बुडून राही. एकदा उस्तादांनी तिला पांढऱ्या पडद्यापुढे उभे केले आणि तो फोटो मोठा करून रस्त्यावरील काचेच्या कपाटात लावला. लोक थांबून पाहू लागले. "बाबा, मी खरंच अशी दिसते?" असे तिने विचारले, तेव्हा ते म्हणाले, "यंत्राला लाडीगोडी कळत नाही, बेटा. ते असेल तेच दाखवतं."

पुढे आमचे लग्न झाले, उस्ताद गेले, आणि स्टुडिओचे पासपोर्ट फोटोंचे दुकान झाले. रस्ता रुंद झाला तेव्हा काचेचे कपाट काढावे लागले आणि फोटो घरी आला. ती तो रोज पुसे. मीही त्याविषयी कधी काही बोललो नाही, कारण वडिलांनंतर तो फोटोच तिचा बाप झाला होता.

आता मात्र बाटली तिच्या हातात होती.

"दहा मिनिटं थांब. तोवर घेऊ नकोस," एवढेच बोलून मी दुकानात गेलो आणि उस्तादांच्या कपाटातून एक लिफाफा घेऊन आलो. त्यातील निगेटिव्ह मी खिडकीच्या प्रकाशात धरली.

निगेटिव्हमध्ये सारे उलटे असते. पांढरा पडदा काळा दिसतो. त्या काळ्यातून एक मुलगी उमटली होती, आणि तिच्या दोन्ही दंडांच्या व कमरेच्या कडांवरून लाल रंगाची एकेक पट्टी उतरत गेली होती.

"हे काय लागलंय?" ती म्हणाली.

"रंग आहे. याच्यातून उजेड जात नाही. जिथे हा लावू, तिथे कागदावर नुसता पांढरा पडदा उमटतो."

तिने लाल पट्टीवर बोट ठेवले. मग म्हणाली, "म्हणजे मी याच्याखाली आहे."

"हो."

"कुणी लावला?"

तिने निगेटिव्ह डोळ्यांजवळ नेली. पट्टीच्या कडेला ब्रशचे जे बारीक, एकसारखे फटकारे होते, ते बाजारात एकाच हाताचे होते.

"मी आवडत नव्हते का हो त्यांना?"

"त्या दिवशी ते दुपारपासून रंग लावत बसले होते. डबा तसाच राहिला," मी म्हणालो. "नावडत्या माणसासाठी कुणी उपाशी बसत नाही. त्यांना वाटलं, लोकांनी काचेसमोर थांबावं. तू होतीस तशीच छान होतीस. त्यांनी रंगात ब्रश बुडवायला नको होता, एवढंच मी म्हणेन."

"आणि तुम्ही? तुम्ही कुठली बघून लग्न केलंत?"

"मी तर जिन्याचा आवाज ऐकून केलं."

तिला हसू आले आणि त्यातच डोळेही भरले. नंतर तिने वाटीत पाणी आणि थोडा कापूस आणला. रंग कसा काढायचा ते मी सांगितले. हात मात्र तिनेच चालवला. ओल्या कापसाखाली लाल रंग विरघळू लागला आणि डाव्या बाजूने एक भरदार दंड, मग कंबर, अशी ती मुलगी हळूहळू अंगभर बाहेर आली. तिला कोठे ओरखडाही नव्हता. वाटीतील पाणी गुलाबी झाले. उजव्या बाजूपाशी आल्यावर तिचा हात थांबला.

"ही बाजू राहू दे," ती म्हणाली. "बाबांचा हात आहे तो."

गोळ्या तिने केरात टाकल्या. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तिला तपासले, आणि धडधड थांबायला काही काळ लागला. बँकेतून पैसे अद्याप आलेले नाहीत.

निगेटिव्ह मी दुकानातील यंत्रावर घालून नवा फोटो काढला आणि जुन्याच चौकटीत बसवला. त्यात डावा दंड भरलेला आहे आणि उजवा वेलीसारखा बारीक आहे. घरी येणारे जाणारे म्हणतात, फोटो बिघडलेला दिसतो, नीट करून घ्या. ती त्यांना बसायला सांगते, पाणी आणून देते आणि चौकट किंचित कलली असेल तर सरळ करते.