बेंच कोणाचा

म्हातारपणी कुठं राहायचं हे ठरवायचं असेल तर माणसानं आधी तिथल्या रस्त्यानं पायी चालून पाहावं. मोटारसायकलवर बसून कोणतंही शहर चांगलंच दिसतं. मी चिखल्याच्या खाणीत जन्म काढला. भुयारात माणसं पाठवण्याआधी वरचं छत सळाखीनं ठोकून पाहायचं, हे माझं काम. दगड भरीव वाजला तर माणसं आत, पोकळ वाजला तर बाहेर. रिटायर झालो, कंपनीचं क्वार्टर सोडायची वेळ आली, तेव्हा नवं शहरही मी तसंच ठोकून पाहायला निघालो.

माझ्यासाठी नव्हे. मला कुठंही टाका, मी राहतो. प्रश्न माझ्या बायकोचा, रुखमिणीचा होता. मागच्या उन्हाळ्यात तिला लकवा मारला, तेव्हापासून डावा पाय ओढत चालते. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "रोज चालवा. चालणं सुटलं की खाट धरतील, मग उठायच्या नाहीत." कॉलनीत ती रोज संध्याकाळी चालायची, दमली की शेजारच्या शकुनबाईच्या ओट्यावर टेकायची आणि दम खाऊन परत निघायची. आम्हाला एवढंच हवं होतं. सपाट रस्ता, आणि मध्ये टेकायला जागा. बपेऱ्याला आमचं घर आहे, पण तिथून दवाखाना लांब.

रुखमिणीचा धाकटा भाऊ चंद्रकुमार जिल्ह्यातल्याच एका शहरात राहतो. शहराचं नाव सांगत नाही. सांगितलं तर तिथले लोक म्हणतील आमची बदनामी केली, आणि बाजूच्या शहरातले म्हणतील बरं झालं. दोघांनाही खूश करायची माझी इच्छा नाही. चंद्रकुमारनं त्याच्याच वॉर्डात आमच्यासाठी घर पाहून ठेवलं होतं. घर खरंच चांगलं होतं, उंबरठासुद्धा उंच नव्हता.

"भाऊजी, दवाखाना जवळ, बाजार जवळ, मंदिर जवळ," तो म्हणाला. "आणखी काय पाहिजे तुमाले?"

"रस्ता पाहिजे. चाल, पायी दाखव."

"पायी कायले? गाडी आहे ना."

"तुही बहीण गाडीवर चालनार आहे का रोज?"

नाइलाजानं तो निघाला. रस्त्याच्या कडेला फुटपाथ म्हणून जे होतं ती खरं तर नाली होती, वर सिमेंटच्या फरश्या टाकलेल्या. त्या फरश्यांवर ठेले, ठेल्यांपुढं गाड्या, आणि जिथं जागा उरली होती तिथं खर्ऱ्याच्या पिचकाऱ्या. शिवाय बॅनर. दर दोन खांबांमागं कोणाचा तरी वाढदिवस. हात जोडलेला एक मोठा चेहरा, खाली हात जोडलेल्या लहान चेहऱ्यांची रांग, आणि बॅनरचे बांबू फुटपाथच्या मधोमध गाडलेले. म्हणजे ज्याचा वाढदिवस तो फुटपाथवर आणि चालणारा ट्रकखाली. मला शिसारी आली. हात जोडणारी माणसं इतकी, पण एकालाही बांबू दोन हात बाजूला गाडता आला नाही.

मी सवयीनं काठीनं एकेक फरशी ठोकत चाललो होतो. पानठेलेवाला मान लांब करून पाहत होता. त्यानं विचारलं, "काका, तुमी कोनाकडून आले? हिरालालभाऊकडून का तुलारामभाऊकडून?"

"चिखल्याकडून," मी म्हणालो.

तो हसला. "म्हंजे सांगाचं नाही."

पुढच्या चौकापर्यंत गळ्यात दुपट्टे घातलेली दोन पोरं आमच्या मागं लागली होती. एक इकडचा, एक तिकडचा. दोघंही माझ्या काठीचे फोटो काढत होते. मी आयुष्यात इतका महत्त्वाचा कधीच नव्हतो.

मग ते बेंच दिसले. सिमेंटचे, पाठीवर मोठ्या अक्षरांत नाव कोरलेलं. मेडिकलच्या दुकानासमोर कडुनिंबाखाली एक होता, 'सौजन्य हिरालालभाऊ'. गार सावली, पण रिकामा. थोडं पुढं, भर उन्हात दुसरा, 'तुलारामभाऊ मित्रपरिवार', आणि त्यावर एक म्हातारा डोक्यावर शेला घेऊन घाम पुसत बसला होता.

"हा बुवा सावलीत काहून नाही बसत?" मी विचारलं.

चंद्रकुमारनं आवाज खाली आणला. "तो हिरालालवाल्याइचा बेंच आहे, भाऊजी. हा बुवा तुलारामभाऊच्या घरचा. बसलं का लगेच नजरेत येते. निवडनूक तोंडावर आली."

"आनि तू कोनाचा?"

त्यानं उन्हातल्या म्हाताऱ्याला वाकून नमस्कार केला. नंतर कळलं की यंदा तुलारामभाऊ त्याला तिकीट देणार असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. शेंडी तुटो की पारंबी तुटो, साहेबांना नगरसेवक व्हायचं होतं.

अशा गावात राहायला यायचं म्हणजे ढुंगण टेकायच्या आधी पक्ष ठरवायचा. मी तिथूनच परत फिरणार होतो. पण एक गोष्ट खरी होती. घरापासून कडुनिंबाच्या बेंचपर्यंतच्या सगळ्या फरश्या भरीव वाजल्या होत्या, आणि तेवढ्या पट्ट्यात ठेले चुकवून चालायला वाटही होती. तिथून तुलारामच्या बेंचपर्यंतच्या मात्र पोकळ. एक तर पाय ठेवताच हलत होती. मी चंद्रकुमारला ती फरशी काठीनं दाखवली आणि बजावलं, "रुखमिनी या कडुनिंबापर्यंत येईन, इथं बसंन, इथूनच वापस जाईन. याच्या पुढं तिले न्याचं नाही."

"हो जी, हो," तो म्हणाला.

पुढच्या खेपेला मी रुखमिणीला सोबत नेलं. भावाच्या शेजारी राहायचं म्हणून ती खुलली होती, ठेवणीतलं लुगडं नेसली होती. घरापासून ती स्वतः चालत निघाली. मी एका बाजूला, चंद्रकुमार दुसऱ्या. हात कोणाचाच धरला नाही. कडुनिंबाखाली पोचून ती बेंचवर बसली आणि माझ्याकडं पाहून म्हणाली, "अजी, जमते मले."

मला इतकं बरं वाटलं की मी त्या हिरालालला मनातल्या मनात मतसुद्धा देऊन टाकलं. तिच्या गोळीची वेळ झाली होती. पाण्याची बाटली घ्यायला मी समोरच्या मेडिकलमध्ये गेलो.

काउंटरवरून मला ते दिसत होते, बोलणंही ऐकू येत होतं. पानठेल्यावरची पोरं तिच्याकडं पाहत होती. चंद्रकुमार आधी इकडं तिकडं पाहू लागला, मग वाकून म्हणाला, "बाई, उठ. पुढच्या बेंचवर बसू."

"दम तर घेऊ दे, चंदू. पाय लटलट करून राहिला."

"लोक पाहून राहिले, बाई. हा बेंच आपला नाही. उठ ना."

ती भावाच्या शब्दाबाहेर नव्हती. त्यानं दंडाला धरून उठवलं आणि ती उठली. "तिकडं नको नेऊ," मी ओरडलो, बाटली टाकून धावलो. तीच फरशी. एका टोकाला तिचं पाऊल पडलं, दुसरं टोक वर आलं, आणि तिचा डावा पाय मांडीपर्यंत नालीत गेला.

लोक धावले. पण पहिला जो हात पुढं आला त्यात मोबाइल होता. नाली हिरालालची सत्ता असताना बांधलेली, म्हणून तुलारामच्या पोरांना आनंद आवरेना. एक जण मला खांद्याला धरून मागं ओढत म्हणाला, "काका, थोडं थांबा. पाय आत आहे तोपर्यंत एक फोटो होऊ द्या." माझी बायको काळ्या चिखलात, लुगडं वर सरकलेलं, ती एका हातानं ते खाली ओढतेय, आणि हा म्हणतो थांबा. मी त्याच्या पायावर काठी हाणली. पानठेलेवाल्यानं आणि मी मिळून तिला वर काढलं. चंद्रकुमार कुठं होता म्हणाल तर तिथंच होता. तोही फोटोच काढत होता.

हाड मोडलं नाही, सालटं निघाली. ती रडली नाही. परतीच्या रिक्षात एवढंच म्हणाली, "वास येऊन राहिला ना जी माहा?"

आठवड्यानं मी घरमालकाला घर नको म्हणून सांगायला गेलो. कडुनिंबाजवळ नवं बॅनर लागलं होतं. नालीत अडकलेली रुखमिणी, माणसाएवढी. वर लिहिलेलं, 'आमच्या भगिनीला न्याय कधी?' खाली चेहऱ्यांची रांग, आणि त्यात हात जोडून चंद्रकुमार, 'भावी नगरसेवक'. फरशी अजून तशीच उलटी पडली होती. बॅनरचा एक बांबू त्याच भोकात रोवला होता, बहुतेक खणायचा त्रास वाचावा म्हणून. मी खाणीत मेलेली जनावरं उपसली आहेत, पण इतकी किळस मला कधी आली नव्हती.

रुखमिणीला सांगणार नव्हतो. पण ते बॅनर फोनवरून शकुनबाईकडं माझ्या आधीच पोचलं होतं. रुखमिणीनं फोन डोळ्याजवळ धरून खूप वेळ पाहिलं. म्हणाली, "चंदूचा फोटो चांगला आला."

त्यानंतर ती चालायला निघेना. मी हात जोडले, रागावलो, पण ती पायाकडं पाहत बसून राहायची. कारध्याला माझ्या मावसभावाकडं दोन खोल्या रिकाम्या होत्या, पुढं मोठं सारवलेलं अंगण, दवाखानाही लांब नाही. तिथं जायचं ठरवलं. दिवाळीत सामान बांधलं, खुर्च्यासुद्धा दोरीनं बांधून झाल्या.

भाऊबीजेला चंद्रकुमार आला. लुगड्याचा डबा, मिठाई, गळ्यात दुपट्टा. तिकीट काही मिळालं नव्हतं, तरी दुपट्टा होता. मी त्याला दारातूनच हाकलणार होतो, रुखमिणीनं डोळ्यानंच अडवलं. ती उठली. कितीतरी दिवसांनी स्वतःहून उठली. भिंत धरत आत गेली, पाट आणला, मांडला, परत जाऊन दिवा लावलेलं ताट आणलं. कुठंही टेकली नाही.

तो पाटावर बसायला वाकला.

"थांब, चंदू," ती म्हणाली. "बसाच्या आधी पाटाखाली पाहून घे. दुसऱ्या कोनाचं नाव असंन तर तुले उठा लागंन."

आणि त्या माणसानं, खोटं नाही सांगत, खरंच पाट उचलून पाहिला.